मामींच्या हाकेला ओ

बोरी बुद्रुकच्या पंचक्रोशीत माझ्या मामींचा आवाज ऐकला नाही असा माणूस सापडायचा नाही. सापडलाच तर तो नुकता जन्मलेला असेल, आणि तोही दचकून उठलेला. मी राहतो मंचरला. मामी मला फोन करतात तो केवळ रीत म्हणून; वट्यावर उभं राहून बोलल्या असत्या तरी घोड नदी ओलांडून मला ऐकू आलं असतं. त्यांची कुजबूज तर विचारूच नका. आणे गावातल्या एका लग्नात माझ्या कानाला लागून त्यांनी "भाजीत मीठ न्हाई" एवढंच सांगितलं, तर आचारी स्वतः मिठाची वाटी घेऊन पंगतीत फिरला. याउलट आमचे मामा. त्यांना वाचा आहे की नाही याविषयी गावात दोन मतं आहेत. "घरात बोलायचं काम एकानं केलं म्हंजी झालं," असं मामी सांगतात, आणि मामा मान हलवतात.

या आवाजाला कारणही तसंच आहे. घर मळ्यात, सडकेपासून चांगलं आत, वाटेच्या दोन्ही बाजूंना ऊस. आणि आमच्याकडे ऊस म्हटला की बिबट्या आलाच. माणसाची चाहूल लागली की तो सहसा बाजूला होतो, म्हणून अंधार पडला की कुणी मोबाइलवर गाणी लावतं, कुणी काठी आपटत चालतं. मामी बोलतात. "मोबाइलची ब्याटरी उतरती, भाऊ. माजी न्हाई उतरत." सोबतीला कुणी नसलं तर त्या उसाशीच बोलतात: दुधाचा भाव, गुडघ्याचं दुखणं, भावकीतली भांडणं. त्या बिबट्याला आमच्या घराण्याची जेवढी माहिती आहे तेवढी मलाही नसेल.

मामा-मामींना मूलबाळ नाही. पन्नाशी उलटल्यावर त्यांनी एका संस्थेमार्फत एक मूल सांभाळायला घेतलं. दत्तक नव्हे, पोराचे आईबाप उभे राहीपर्यंत आपल्या घरी वाढवायचं, अशी ती सोय असते. सोनी आली ती पश्चिमेकडच्या डोंगरातून, सात-आठ वर्षांची. बाप नव्हता, आई आजारानं अंथरुणाला खिळलेली. पोर मामींना मावशी म्हणायची, पण मामांपेक्षाही कमी बोलायची. पहिल्याच संध्याकाळी मामींनी तिला घरातला एकमेव नियम सांगितला: "मी हाक मारली की वो द्यायाची. जिथं आसशील तिथनं. आन् मोठ्यानं." मग रोज दिवेलागणीला "सोनेऽऽ, कुठं उलथलीस गं?" आणि उसापलीकडून "ओऽऽ". सुरुवातीला ती ओ चिमणीएवढी होती. दिवाळी येईपर्यंत पोर मामींच्या तोडीस तोड झाली, आणि मामींच्या चेहऱ्यावर त्याचा असा काही अभिमान दिसायचा की जणू पोर शाळेत पहिली आली आहे.

आणि एका संध्याकाळी संस्थेच्या ताई न कळवता पाहणीला आल्या. शहरातल्या, नव्या, मनापासून काम करणाऱ्या. नेमकी हाकेची वेळ. "कुठं मेलीस गं भवाने?" हे त्यांनी सडकेवरूनच ऐकलं. त्यांना पोरीची काळजी वाटली, त्यात त्यांची तरी काय चूक? मुलीवर सतत आरडाओरडा होतो असं ठरलं, मूल सांभाळण्याची मामा-मामींची मान्यता संस्थेनं रद्द केली, आणि सोनीला पुण्यातल्या एका बालगृहात नेलं. त्या दिवशी मामी रडल्या नाहीत, की कुणाला बोलल्या नाहीत. नुसत्या गप्प बसल्या. ते गप्प बसणं मला ऐकवेना.

या निर्णयाचा फेरविचार करावा म्हणून आम्ही अर्ज केला. बालकल्याण समितीपुढे सुनावणी पुण्याला. मंचरपासून थेट दारापर्यंत मी मामींना एकच पढवत होतो: हळू बोला. माझं दुर्दैव असं की आयुष्यात पहिल्यांदाच मामींनी माझं ऐकलं.

"काकू, जरा मोठ्यानं बोला," समितीच्या अध्यक्षबाई म्हणाल्या.

मामींनी माझ्याकडे पाहिलं. "मोठ्यानं बोलले म्हणून तर हितं आले, बाई," त्या पुटपुटल्या. पण तेवढ्यानं घशाचं बूच निघालं. "पोरगी उसापल्याड आन् मी वट्यावर. गोड बोलून बिबट्या हालतोय व्हय? शिव्या माज्या तोंडात हायती, पोटात न्हाईत. माजी सोनी—"

"ओऽऽ!"

भिंतीपलीकडून आली ती ओ. शेजारच्या खोलीत सोनीला बसवलं होतं हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. अध्यक्षबाईंनी पोरीला आत बोलावून विचारलं, "या ओरडतात तेव्हा तुला भीती वाटते का?"

"मावशी वरडत न्हाई. हाक मारती."

"आणि बालगृहात कोण हाक मारतं?"

"तितं घंटा वाजती," सोनी म्हणाली. "घंटा समद्यांची आसती."

मान्यता परत मिळाली. ताई स्वतः सोनीला सोडायला आल्या. मळ्याच्या वाटेवर मामींच्या आग्रहानं त्यांनीही मोठ्यानं बोलून पाहिलं; फारसं जमलं नाही.

पुढे सोनीची आई बरी झाली आणि सोनी तिच्याकडे गेली. जायलाच हवी होती. सगळा खटाटोप त्यासाठीच तर होता. निघताना मामींनी तिला नवा फ्रॉक घातला, डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता आईच्या हाकंला वो देत जा." मला त्या पोरीची फार आठवण येते. मग मामींचं काय होत असेल?

परवा मी मळ्यात गेलो होतो. दिवेलागण झाली, मामी सवयीनं वट्यावर आल्या आणि त्यांनी हाक मारली, "सोनेऽऽ!" ऊस नुसता सळसळला. मामींनी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात गोठ्यातून, गंजलेल्या कडीसारख्या आवाजात, मामा म्हणाले, "ओ."

गावातल्या दोन मतांपैकी एक तिथेच निकालात निघालं. मामी गोठ्याकडे वळल्या. मग हळू, खरोखरच हळू म्हणाल्या, "आवो, जरा मोठ्यानं द्या."