ट्यूलिपचा हार

विशीत नवी नवरी होऊन धुळ्याला आले, तेव्हा मी हौसेनं चित्रवही घेतली होती. कुठल्याशा मासिकात पाहिल्याप्रमाणे पेन्सिल हात लांब करून धरायची, एक डोळा मिटायचा आणि लळिंगच्या किल्ल्याकडे बघत राहायचं. बघण्यातच संध्याकाळ व्हायची, किल्ला काही कागदावर उतरायचा नाही. थोरली बहीण, अक्का, पारोळ्याहून भेटायला आली होती. तिनं हळूच विचारलं, "डोयामा कचरा गया का व?" मी फणकारले. म्हणे कलावंत! ती पोरगी आज भेटली तर कान धरीन तिचा.

यंदा अडुसष्टाव्या वर्षी लेकीकडे नेदरलँडला गेले आणि पुन्हा वही घेतली. या खेपेला कारण होतं. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी जमतात. मी आणि अक्का दरवर्षी धरणगावला भावाकडे जातो. यंदा माझा प्रवास नेमका त्यातच आला आणि अक्का रुसली. फोनच घेईना. तिची सून म्हणायची, "मावशी, त्या झोपल्यात." मागून अक्काचा खोकला ऐकू यायचा.

अक्काला वाचता येत नाही, त्यामुळे चिठ्ठीनं काम भागणार नव्हतं. मग चित्रं काढू लागले. सायकलवर दोन पोरं आणि कुत्रा घेऊन चाललेली बाई, कालव्यातलं तरंगतं घर, लेकीच्या शेगडीवर भाकरी करताना झालेली माझी फजिती. रोज एक पान, त्याचा फोटो सुनेच्या मोबाइलवर. महिना झाला, उत्तर नाही.

आखाजीला मन फार तिकडे धावलं. त्या दिवशी घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरून वर खरबूज ठेवतात. आईच्या आठवणीनं मी घागर काढली, खरबूज काढलं. वर जागा उरली, तिथं माझा हसरा चेहरा काढला, अक्काला दिसावा म्हणून. लेकीच्या दारात ट्यूलिप फुलले होते, ते चेहऱ्याभोवती गोल गुंफले. स्वतःचीच पाठ थोपटून फोटो पाठवला.

दहा मिनिटांत अक्काचा फोन. रडून आवाज बसलेला.

"जित्ती शेस का व तू?"

"शे ना व अक्का! काय झाये?"

"मंग फोटोले हार कसाले? खाले घागर कसाले?"

मी वहीकडे पाहिलं. स्वतःच्याच तसबिरीला हार घालून, स्वतःच्याच नावानं घागर मांडून बसले होते मी!

मग अक्कानं मला पोटभर शिव्या घातल्या. सून मागे हसत होती. मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत होते आणि डोळे पुसत होते. या वयात आपल्याला हक्कानं शिव्या देणारं माणूस आहे, याहून आणखी काय मागायचं?

ती दमली तेव्हा भीतभीत विचारलं, "बाकीचे फोटो दख्यात का?"

"बठ्ठा दख्यात. त्या कुत्राले एकच कान शे."

म्हणजे रुसून बसलेली बाई रोज निरखून बघत होती.

फोन ठेवताना म्हणाली, "आते सोताले काढशी तर पाय बी काढ. सुलटा काढजो."

भुताचे पाय उलटे असतात, याबद्दल अक्काला तिळमात्र शंका नाही. तेव्हापासून वहीच्या प्रत्येक पानावर मी आहे, पायांची बोटं पुढे करून. एका पानावर होडीत बसले आहे, तर तिथंही पाय बाहेर लटकवलेत.