मॅनेजरमधला 'ए'

माझा राग लवकर जात नाही. घरचे म्हणतात, सोड गं आता. नाही सोडत, जा!

कर्वेनगरात कॉलेजसमोरच्या गल्लीत माझं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान आहे. मुलं रिझ्युमे करून घ्यायला येतात. पदव्या ढीगभर असतात, पण पहिल्याच पानावर चूक दिसली की साहेब लोक पुढचं वाचत नाहीत, हे मी स्वतः भोगलंय. म्हणून कोणी न सांगता मी सगळ्यांच्या चुका दुरुस्त करून देते.

बी.कॉम. मी बाहेरून केलं. गाव खडकवासल्याच्या पलीकडे. गावच्या दूध डेअरीवर दोन वर्षं सगळं मीच बघायचे, म्हणून माझ्या रिझ्युमेत इंग्रजीत 'असिस्टंट मॅनेजर' लिहिलं. घाईत त्यातला मधला 'ए' गळला. कॉम्प्युटरनेही लाल रेघ ओढली नाही मेल्याने, कारण तो 'ए' गळला की 'मेंजर' होतं, आणि तसा शब्द इंग्रजीत आहे. मेंजर म्हणजे गव्हाण.

हे मला कळलं थेट इंटरव्ह्यूत. समोर तिघे. मधल्या साहेबांनी माझा कागद दोन बोटांत धरला.

"असिस्टंट गव्हाण! वा! अहो बाई, हे पद कुठं मिळतं?"

बाजूचे दोघे फिदीफिदी हसले. मी घाबरून म्हणाले, "चूक झाली हाय सर."

"हाय का? मग घरी म्हशी बी हायत का?"

होत्याच. चार. मी "हो" म्हणाले.

"मग त्यांच्याकडे बघा. आम्ही कळवतो."

ती नोकरी लागली तरच मी शहरात राहणार, असं घरी ठरलं होतं. नाही लागली. त्याच उन्हाळ्यात मला उजवून टाकलं. साहेबांनी काही कळवलं नाही.

गेल्या दिवाळीनंतर तेच साहेब माझ्या दुकानात आले. केस पांढरे, आवाज तोच. कंपनीने काढून टाकलेलं. मला ओळखलं नाही. कशाला ओळखतील?

"ताई, रिझ्युमे जरा व्यवस्थित करून द्या. मुलीचं शिक्षण चालू आहे, नोकरी लागायलाच हवी."

त्यांनी स्वतः टाइप केलेला रिझ्युमे मी पेनड्राइव्हवरून उघडला. नावाजलेल्या कॉलेजची पदवी, वर एमबीए, आणि त्याखाली पद: 'सीनियर मेंजर'.

एक अक्षर. एकदा बोट दाबायचं, बस्स. मी समास सारखे केले, फोटो सरळ केला, बाकीच्या तीन चुका काढल्या. गव्हाण तेवढी राहू दिली. चांगल्या जाड कागदावर वीस प्रती काढून दिल्या. वाईट वाटलं का? खोटं कशाला बोलू, जिवाला गार वाटलं.

महिन्याभराने पुन्हा आले. चेहरा पार उतरलेला.

"कुठूनच बोलावणं नाही हो. नुसतं कळवतो म्हणतात. अजून वीस काढा."

"काही बदल करायचाय का, सर?" मी विचारलं. ते 'तुम्हीच एकदा वाचून बघा' म्हणाले असते, तर मी सांगितलं असतं. बहुतेक सांगितलं असतं.

त्यांनी चष्मा लावला, पहिलं पान वरपासून खालपर्यंत वाचलं.

"नाही, उत्तम आहे. फक्त माझं पद जरा ठळक करा. बघणाऱ्याच्या नजरेत भरलं पाहिजे."

केलं ठळक.