लेकीचे उपास आणि माझा तोरा

आमच्या घरी उपास करायला चांगली भूक लागते. सकाळी साबुदाण्याची उसळ, दुपारी भगर आणि शेंगदाण्याची आमटी, मधल्या वेळेला उकडलेली रताळी. 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण कोणीतरी आमच्याच स्वयंपाकघरात डोकावून केली असणार. आम्ही भाजीपाला पिकवणारी माणसं, सकाळपासून वांगी तोडायची; रिकाम्या पोटी कोण वाकणार?

त्यामुळे बारावी झालेल्या माझ्या लेकीनं कडक उपास धरले, तेव्हा मी फुलून गेले. आधी सोमवार, मग गुरुवार, मग शनिवार, वरून चतुर्थी. केळझरच्या गणपतीची चतुर्थी मी वीस वर्षं धरत होते, पण उसळीच्या आधारानं. ही नुसत्या लिंबूपाण्यावर! हळदीकुंकवाला मी सांगत सुटले, "आमची पोट्टी लय देवभोळी निघाली बापा!" बाया माना डोलवायच्या आणि मी पदर सावरायची.

उपास नसेल त्या दिवशी ती वाढलेलं ताट घेऊन गोठ्यात जायची. जेवणाआधी गायीला घास द्यायची आमच्याकडे रीतच आहे, म्हणून त्यातही मला भक्तीच दिसली. गाय मात्र भलतीच सुटली. आमचे हे बुचकळ्यात. "सरकीची ढेप तं तेवढीच देऊन राह्यलो, मंग हे काऊन फुगून राह्यली?"

"पुण्य लागून राह्यलं तिले," मी म्हटलं.

लेक मोबाइलवर पाहून आम्हाला नवनवीन करून घालायची. वाढताना तिचे डोळे आमच्या ताटात. "तू घे नं वं," म्हटलं की, "करता करताच खाल्लं, आई." मे महिन्यात, वर्ध्याच्या उन्हात, ती स्वेटर घालून बसायची. न्हाणीच्या जाळीत केसांचे पुंजके अडकायचे. मी काय केलं? शांपू बदलला. एवढी हुशार बाई मी!

मग हिंगणघाटहून नणंद आली. ती शाळेत शिकवते आणि आमच्या घरात तांदळातले खडे शोधावेत तशा चुका शोधते. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी भाजी निवडता निवडता म्हणाली, "वहिनी, काल पोरीनं उपास कायनं सोडला?"

मी आठवू लागले. काही आठवेना.

"उपास धरते तो माणूस सोडते बी. तुमच्या पोरीले मी सोडतानी पाह्यलंच नाई. आमच्या शाळेत एक पोट्टी अशीच होती. ते भक्ती नवती वहिनी, बिमारी होती."

"माया पोरीले येडी म्हणता का?" मी उसळले. त्या दिवशी तिला चहा दिला तो कप आपटूनच.

पण माझ्या डोक्यातून ते जाईना. शेडमधला भाजी मोजायचा काटा रोज कोण भिंतीकडे सरकवतं, म्हणून हे महिनाभर कुरकुरत होते आणि मी उंदरांवर ढकलत होते. त्या दुपारी शेडमध्ये गेले, तर पोत्यांच्या आडोशाला लेक त्या काट्यावर उभी. आकडा पाहिला, कपाळाला आठी घातली, खाली उतरली. हातातल्या बांगड्या काढून पोत्यावर ठेवल्या आणि पुन्हा चढली. दुसऱ्याच दिवशी मी तिला दवाखान्यात घेऊन गेले.

वर्ध्याच्या डॉक्टरीणबाईंनी तिच्याशी एकटीशी बोलून घेतलं, रक्त तपासलं, हृदयाची पट्टी काढली. मग मला विचारलं, "पाळी?" चार महिने नव्हती. आणि इकडे मी खूश होते, की पोरीची एकही चतुर्थी बुडत नाही, गणपतीच सांभाळून घेतो!

बाई म्हणाल्या, हा हट्ट नाही, फॅशनही नाही. आजार आहे, त्यात जेवणाची खरोखरची भीती वाटते आणि उपचारानं तो बरा होतो. रागावू नका, घास मोजू नका, वजनावर बोलू नका, सोबत बसून जेवा. उपास बंद. आणि मावसबहिणीच्या लग्नाआधी लेकीच्या ब्लाउजच्या बाह्या उसवताना "म्हैस झाली वं तू" असं हसत म्हणणारी मीच होते. लेकीला तो दिवस, तो ब्लाउज, सगळं आठवत होतं. मला फार लाज वाटली.

पुढची चतुर्थी आली. दुपारी मी दोन ताटं वाढली, वांग्याची भाजी आणि ज्वारीची भाकर.

"आई, तुयी चतुर्थी आहे नं?"

"होती," म्हणत मी घास मोडून तोंडात घातला. वीस वर्षांत पहिल्यांदा. देवाची भीती वाटलीच, पण पोरीच्या जिवाची जास्त वाटत होती.

तिनं भाकरीचा कोपरा मोडला आणि परत ताटातच ठेवला. मग हळूच म्हणाली, "मले भेव लागते, आई."

"मले बी लागून राह्यलं. तू खाय, मी बी खातो."

तिला एक भाकर संपवायला तास लागला. ती ताटावर एकटी पडू नये म्हणून मी तेवढ्या वेळात तीन खाल्ल्या.