मांजरपाटाच्या झेंड्या

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ तर नाहीच — कारण ज्याच्या बाबतीत हे घडलं तो तिचा सख्खा थोरला भाऊ. घडलं म्हणतोय बघा! घडलं कसलं? मी केलं. पण थांबा, जरा दमानं घेतो. एकदम तोंडातून निघत नाही.

तिचा भाऊ म्हणजे आमचे श्रीपादअण्णा. ते धारवाडात सरकारी नोकरीत आणि मी हुबळीचा कापडवाला, जुन्या हुबळीत वडिलांपासूनचं दुकान. मला ते कधी नावानं हाक मारायचे नाहीत, ‘शेट’ म्हणायचे. गल्ल्यावर बसून बसून माझं पोट सुटायला लागलं तेव्हा त्यांनीच मला धरून रायफल क्लबात नेलं. नव्वदच्या आसपासची गोष्ट. रायफल खांद्याला कशी लावायची, श्वास कुठे रोखायचा, सगळं त्यांनी शिकवलं. मी तापट माणूस. नेम चुकला की रायफलीला शिव्या घालायचो. ते हसायचे आणि लहान पोराला समजवावं तसं कन्नडमधून समजवायचे. फार माया होती हो त्यांची माझ्यावर. आणि माझीही त्यांच्यावर — हसू नका, होती.

आमचं गोळीबाराचं मैदान कलघटगीच्या वाटेवर, एका उघड्या माळावर. अंतर तीनशे मीटर. एवढ्या लांब मारायचं तर गोळ्या दोन जातीच्या मिळायच्या. एक आखूड, हलकी. तिला आम्ही बुटकी म्हणायचो. वारा पडलेला असला तर बुटकीसारखी गोळी नाही, भोकाला लागून भोक पाडणार. पण वारा सुटला की ही बया कुठे वाहवत जाईल सांगता येत नाही. दुसरी लांबडी. जड, मागे निमुळती. तिची भोकं थोडी विखुरलेली पडतात, पण वाऱ्याला ती सहसा दाद देत नाही. दोघींसाठी रायफलीचा नेम वेगळा लावावा लागतो, म्हणून स्पर्धेआधीच ठरवायचं — आज नेमकेपणा हवा, की वाऱ्यापुढे टिकणं? एकदा ठरलं की ठरलं. मग मागे फिरणं नाही.

आणि या ठरवण्यात अण्णांचा हात धरणारा आमच्याकडे कुणी नव्हता. मैदानाच्या कडेनं लाल झेंड्या लावलेल्या असत. झेंडी किती उचलली एवढ्यावरून ते वारा सांगायचे, आणि तो तस्साच निघायचा. सासरी गेलं की काचेच्या कपाटात त्यांची पदकं. सासूबाई माझ्यासमोर ती पदराने पुसायच्या. मी जळायचो. सरळच सांगतो, जळायचो. ज्यानं शिकवलं त्याच्यावर जळायचो आणि रविवारी त्याच्याच स्कूटरवर मागे बसून चुरमुऱ्यांचं गिरमिट खायला जायचो. आहे की नाही गंमत?

तर झेंड्या. त्या पहिल्यापासून माझ्याच दुकानातल्या कापडाच्या. पातळ मलमल. त्या वर्षी राज्याच्या संघाची निवड आमच्याच माळावर व्हायची होती आणि जुन्या झेंड्यांच्या चिंध्या झालेल्या. दुकानात मलमल नेमकी संपलेली. मी जाडाभरडा मांजरपाट फाडला, लाल रंगवून घेतला, दिला पाठवून. झेंडीला काय, कुठलंही कापड चालतं असं मनात म्हणालो. त्यात पाप नव्हतं, देवाशपथ नव्हतं. पाप पुढे आहे.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी माळावर गेलो. पश्चिमेचा वारा अंगावर येत होता, शर्ट फडफडत होता — आणि झेंड्या? जेमतेम हलत होत्या. मला समजायला कितीसा वेळ लागणार? जन्म कापडात गेला माझा. कुठलं कापड किती वाऱ्याला किती उचलेल हे माझ्या बोटांना कळतं. मलमलीची नवी गाठ त्याच दुपारी दुकानात येऊन पडली होती. सकाळी लवकर जाऊन झेंड्या बदलता आल्या असत्या. क्लबाच्या सेक्रेटरींच्या कानावर घातलं असतं तरी चाललं असतं. मी घरी आलो, जेवलो, झोपलो. झोप चांगली लागली, तेही सांगून टाकतो.

गोळी मारायची जागा नीलगिरीच्या आडोशाला. तिथं वारा अंगाला लागत नाही. मैदानातलं गवत स्पर्धेसाठी कापून काढलेलं. म्हणजे वारा बघायला उरल्या फक्त झेंड्या. अण्णांनी डोळे बारीक करून त्या पाहिल्या आणि माझ्याकडे वळले.

“काय शेट, बुटकी घेऊ का लांबडी?”

“झेंड्या तर लोंबायल्यात की, अण्णा.”

“होय की. गाळी इल्ल,” ते म्हणाले. वारा नाही. आणि त्यांनी बुटकी घेतली.

मी लांबडी घेतली. शिवाय मांजरपाट एवढा हलतोय म्हणजे खरा वारा किती, हा हिशेब डोक्यात धरून नेम लावला.

बघितलंत? एक अक्षर खोटं बोललो नाही. झेंड्या लोंबतच होत्या! कितीतरी वर्षं याच वाक्याला मी कवटाळून बसलो होतो.

अण्णांची गोळी उजवीकडे गेली. त्यांनी नेम सरकवला, तोवर वारा मंदावला आणि पुढची डावीकडे. झेंड्या तशाच, शहाण्यासारख्या गप्प. शेवटी शेवटी त्यांचा चेहरा मी पाहिला. ते रागावलेले नव्हते, गोंधळलेले होते. संघात शेवटची जागा मला मिळाली. त्यांनी मला सगळ्यांदेखत मिठी मारली आणि घरी जाऊन सासूबाईंना सांगितलं की शेट माझ्यापुढे गेला, आता कपाटात त्याच्या पदकाला जागा करा.

एवढ्यावर संपलं असतं तर मी आज तोंड उघडलं असतं का? नसतं बहुधा. एका स्पर्धेचं काय एवढं, म्हणालो असतो.

पण अण्णांचे वडील अप्पा, म्हणजे माझे सासरे, म्हातारपणी भ्रमिष्ट होऊन गेले होते. घरच्यांची नावं विसरले, घराचं दार विसरले. त्यांचं सगळं अण्णांनीच केलं, हातानं भरवलं. निवडीनंतर थोड्याच दिवसांत अण्णा दुकानात आले, डोळ्यांच्या डॉक्टरकडून. डोळे उत्तम आहेत म्हणाले. मग कपाळावर बोट ठेवलं.

“म्हणजे बिघाड इथं आहे, शेट. अप्पांचं असंच सुरू झालं होतं. समोरचं दिसायचं, पण उमजायचं नाही.”

एक वाक्य पुरलं असतं. झेंड्यांचं कापड जाड होतं, अण्णा. बस. गल्ल्यामागे मलमलीची गाठ उघडी पडली होती. मी चहा मागवला.

त्यांनी रायफल सोडली. मग स्कूटर सोडली, हातून कुणाला इजा नको म्हणून. रविवारी बसनं आमच्याकडे यायचे आणि मला परीक्षक करायचे: धारवाडपासून हुबळीपर्यंतचे थांबे ओळीनं, रायापूर धरून, नात्यातल्या सगळ्यांची नावं, जावयांसकट. “बरोबर?” विचारायचे. मी म्हणायचो, बरोबर. कधी चुकले नाहीत. तरी पुढच्या रविवारी पुन्हा. माझी बायको स्वयंपाकघरात पदर डोळ्याला लावायची, अण्णाला काय झालंय म्हणायची. आणि मी? मी म्हणायचो, वयाचं असतं.

वर्षानुवर्षं ते भीत राहिले. भ्रम त्यांना कधी झालाच नाही. दोन हजारनंतर काही वर्षांनी हृदय थकलं. दवाखान्यात, श्वास पुरत नव्हता तरी, त्यांनी मला जवळ बसवून सगळी नावं म्हणून दाखवली.

“बरोबर?”

“बरोबर, अण्णा.”

ते हसले. बायको खाली औषधं आणायला गेली होती. खोलीत आम्ही दोघंच होतो, आणि वेळ भरपूर होता. मी त्यांचं पांघरूण सारखं केलं आणि बायकोची वाट बघत बसलो.