भुताचे जोडलेले हात

गणपतभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलानं कान्हे स्टेशनवर सांगितलं, आणि मला आधी आठवलं ते भूत. त्यानं भाऊंची चंची माझ्या हातात ठेवली. माझी वस्तू मला परत द्यायची, असं ते सांगून गेले होते.

मी कामशेतला तंबूतल्या सिनेमाचा ऑपरेटर. भाऊ लोणावळ्याच्या एका बंगल्यावर रखवालदार. त्या बंगल्यात एका भुताच्या बोलपटाचं शूटिंग झालं होतं. पांढरं लुगडं नेसून दिवा घेऊन येणारी बाई त्या दिवशी आजारी पडली, म्हणून भाऊंच्या बायकोला, साळूबाईंना, उभं केलं. त्यांनी दिवा कोनाड्यात ठेवला आणि घरच्या सवयीनं त्याला हात जोडले. तसं त्यांना कुणी सांगितलं नव्हतं, पण सिनेमावाल्यांनी ते ठेवलं. दिव्याला नमस्कार करणारं भूत बघून आख्खा तंबू गार पडायचा. कुठे घाबरायचं हे पाठ असूनही माणसं दर जत्रेला पुन्हा घाबरायला यायची. पुढे रंगीत सिनेमे आले, पण त्यांतला काळोख मला कधी खरा वाटला नाही.

भाऊ मात्र घाबरायला येत नसत. साळूबाई बाळंतपणात गेल्या होत्या आणि त्यांचा एकही फोटो नव्हता...

एका वर्षी रीळ नेमकं त्या नमस्काराशीच तुटलं. फाटलेली हातभर पट्टी कापून मी जोड मारला. पापणी लवायच्या आत निघून जाईल एवढाच तो तुकडा. कुणाला कळणार, असं मला वाटलं. खेळ सुटल्यावर भाऊ माझ्यापाशी आले.

"आज साळू लय घाईत व्हती," ते म्हणाले. "ती यवढ्या बिगीनं हात जोडत न्हाई."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. खिशातली पट्टी काढून मी त्यांच्यापुढे धरली. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी ती कंदिलासमोर धरून बराच वेळ पाहिली.

"ही मी घिऊन जाऊ?" एवढंच त्यांनी विचारलं. त्यानंतर ते कधी सिनेमाला आले नाहीत.

परवा घरी चंची उघडली. सुपारीच्या कातरणात ती पट्टी होती. रोज उजेडाला धरून, भाऊंच्या अंगठ्याखाली घासून घासून साळूबाई पार पुसल्या गेल्या होत्या. खिडकीशी नेऊन पाहिलं तर फक्त दिव्याची ज्योत राहिली होती.

मी पट्टी कोनाड्यात ठेवली आणि हात जोडले.