काकांची आतली मंडळी

माझ्या बायकोच्या काकांइतकी पोटातल्या जंतूंची काळजी वाहणारा माणूस अख्ख्या हिंगोली जिल्ह्यात शोधून सापडणार नाही. जन्मभर एसटीत कंडक्टरकी केली, निवृत्त होऊन पुसेगावला घरी बसले, आणि कुणीतरी पाठवलेल्या एका व्हिडिओवरून त्यांना शोध लागला की आपल्या पोटात जंतूंची भलीमोठी वस्ती असते आणि त्यातले बरेचसे चांगले असतात. त्या दिवसापासून काका एकटे असे कधी जेवले नाहीत. पहिला घास घेण्याआधी एकदा पोटाकडे बघणार, आतली मंडळी पाटावर बसली की नाही याची खात्री करून घेणार आणि मगच तोंड उघडणार. शास्त्र सगळं एसटीतलं. "जावईबापू, दही म्हंजी काय? आपली मानसं खिडकीतून रुमाल टाकून जागा धरून राहिली. ती बसली की वंगाळ जंतूला टेकायला जागाच न्हाई!" एकदा त्यांची दाढ सुजली आणि डॉक्टरांनी जंतू मारायच्या गोळ्या लिहून दिल्या, तेव्हा त्यांनी दवाखान्यातच वाद घातला. "फुकट्या एक, अन् तुमी सारी गाडी काहून खाली करून राहिले?" डॉक्टर पोट धरून हसले, पण गोळ्या पुऱ्या घ्यायला लावल्या. काकू रोज समोर उभ्या राहून गिळवत होत्या.

लग्नाकार्यात काका कडीच्या डब्यात घरचं दही घेऊन जात. केटररचा मठ्ठा नाकाशी नेत आणि "यातले जंतू झोपलेले हाय" म्हणून खाली ठेवत. पण त्यांचा खरा जीव गुंतला होता तो लोकांच्या खाजेत. आपलं कोण आणि परकं कोण हे पोटातले जंतू शरीराला शिकवतात, ते शिक्षण कच्चं राहिलं की शरीर साध्या धुळीला नाहीतर खाण्याला घाबरतं आणि अंगावर इसब उठतो, असं त्या व्हिडिओत होतं म्हणे. झालं! एका लग्नात त्यांनी नवरदेवाच्या मामाची बाही वर सारून कोपराची आतली बाजू तपासली. "खाजतं ना? लाजू नका, व्हय म्हना." मामा बिचारे हातात अक्षता धरून उभे. त्यानंतर काका दिसले की आमच्या नात्यातली माणसं उन्हाळ्यातही पूर्ण बाह्यांचे शर्ट घालू लागली.

आम्ही हसायचो, पण हे सगळं कुणासाठी चाललंय ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. काकांची नात, पुण्यात राहणाऱ्या मुलाची अन्वी, हिला तान्ही असल्यापासून इसब. कोपरं, गुडघ्यांच्या मागे, गालावरसुद्धा. लेकरू झोपेतही खाजवायचं. ती दिवाळीला गावी आली तेव्हा सूनबाईंनी येताक्षणी बजावलं, "बाबा, तिला दूध देऊ नका, तिचं अंग उठतं." काकांनी मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी ओसरीवर तिला मांडीवर घेऊन बोटानं दही चाटवलं. दूध नको म्हणाल्या, दही कुठं नको म्हणाल्या! थोड्याच वेळात पोरीचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या. जीपमध्ये घालून हिंगोलीला नेलं. संध्याकाळपर्यंत ती सावरली, पण काका दवाखान्याच्या बाकावर हात मांड्यांखाली दाबून बसून होते. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "जंतूंचं तुमचं म्हणणं अगदीच वावगं नाही, त्यावर अभ्यास चालू आहे. पण हिला दुधाचीच ॲलर्जी आहे, आणि दही दुधाचंच होतं ना?" काका मला म्हणाले, "मानसं आपली होती हो. गाडीच चुकली." या वेळी मला हसू आलं नाही. सूनबाई निघताना एवढंच बोलल्या, "आता उन्हाळ्यात आम्ही येणार नाही." अन्वीही तिच्या या आबांच्या हातून साधा फुटाणा घेईना.

काकांनी वाद घातला नाही. म्हैस पुतण्याच्या गोठ्यात नेऊन बांधली, विरजणाचं भांडं शेजारी देऊन टाकलं, कढी बंद, ताक बंद. मार्चमध्ये त्यांनी पुण्याला फोन केला. "सूनबाई, घरात दह्याचा थेंब न्हाई. येऊन बघा, मंग ठरवा." सुट्टी लागली तशा सूनबाई अन्वीला घेऊन आल्या, आणि त्यांनी खरंच एकेक भांडं नाकाशी नेऊन पाहिलं. काका शेजारी हात बांधून उभे होते. डॉक्टरांना विचारून त्यांनी ज्वारीचं पीठ नुसत्या पाण्यात आंबवून आंबील केली होती. अन्वीनं आधी आबांचा तळवा हुंगला. उलटसुलट करून हुंगला. मग त्यांच्या हातची वाटी तोंडाला लावली. काकांनी तोंड भिंतीकडे वळवलं. पोरीचा इसब यंदा पुष्कळ कमी होता. मलमानं, पथ्यानं की वाढत्या वयानं, कोण जाणे. आंबिलीचं नाव काकांनी एकदाही घेतलं नाही.

सुट्टी संपली, दिवाळीला येतो म्हणून मंडळी पुण्याला गेली. त्या दुपारी आम्ही जेवायला बसलो तेव्हा काकूंनी शेजारून वाटीभर दही आणून काकांच्या ताटाशी ठेवलं. इतक्या महिन्यांनी. काकांनी वाटीकडे पाहिलं आणि ती हळूच माझ्याकडे सरकवली.

"तुमी घ्या, जावईबापू. उगं हाताला वास राहतो."

दिवाळी अजून कितीतरी लांब होती.