डाळ ओली, स्क्रीन मात्र हिरवी

मंडळी, लातूर एमआयडीसीतून आत्ताच घरी आलोय.

तिथल्या एका डाळमिलचा ड्रायर ऑफिसच्या सॉफ्टवेअरला मीच जोडून दिला होता. सेन्सर डाळीतला ओलावा मोजणार, आकडा थेट ऑफिसात जाणार आणि डाळ वाळल्याशिवाय गाडीचा गेटपास निघणारच नाही. मला तर या कामाचा अभिमान होता.

आज मॅनेजरचा फोन आला, "आकडा गडबड करायलाय, येऊन बघा." गेलो. भरलेल्या पोत्यात हात घातला तर डाळ गार, चिकट आणि असा कुबट वास की ओकारीच यावी. स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं!

ड्रायरवर चढलो. सेन्सर काढून एका स्टीलच्या डब्यात खोचलेला, डब्यात खडखडीत वाळलेली डाळ. डब्यावर हळदकुंकवाची बोटं. म्हणजे खंडेनवमीला सगळ्या मिलनं मशिनींसोबत या डब्याचीही पूजा केली होती!

मॅनेजरला लाज न्हाई, काही न्हाई. "अवो साहेब, डाळ वाळायची वाट बघितली तर गाड्या कवा सोडायच्या?"

"लोक खाणार आहेत ही डाळ," मी ओरडलो.

तो शांतपणे म्हणाला, "ते ऱ्हाऊ द्या. आलात तसं या डब्याला घट्ट झाकण बसवून द्या. आतली डाळ दमट व्हायलीय, म्हणून तर आकडा मधनंच चढायलाय."

मला बोलावलं होतं ते यासाठी.

आत्ता बायकोनं वरण वाढलं, तर मी आधी वास घेतला. तुम्ही घेता का?